कानमंत्री आणि मोकळा हात

कानमंत्री, सरकारी मनोरुग्णालयातील पुरुषांच्या वॉर्डाचे परिचर व पुढे मुकादम. जन्म १९४८, मृत्यू २०१७. घरी ते अण्णा होते, रुग्णांचे मामा होते आणि सहकाऱ्यांचे कानमंत्री होते. तिन्ही हाकांना ते सारख्याच सावकाशीने ओ देत. मी त्याच रुग्णालयाच्या औषधालयात नोकरी केली. पुढे लिहिले आहे त्यातील काही मी स्वतः पाहिले, काही संबंधितांच्या तोंडून ऐकले. जेथे दोघांचे सांगणे जुळले नाही, तो भाग मी गाळला आहे.

तरुणपणी ते गोदामात पोती वाहत. त्यांचे खांदे पाहूनच त्यांना वॉर्डात घेण्यात आले, कारण त्या काळी परिचराची परीक्षा खांद्यांपाशी सुरू होऊन खांद्यांपाशीच संपत असे. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एका रुग्णाने त्यांच्या डाव्या कानाची पाळी दातांनी तोडली. पाळी फरशीवर पडली आणि गोंधळात तिच्यावरून कोणाची तरी चप्पल गेली. रक्त मानेवरून सदऱ्यात उतरत होते, तोवर जुन्या परिचरांनी त्या रुग्णाला फरफटत मोरीत नेले होते. ओल्या टॉवेलात साबणाची वडी गुंडाळून मारले म्हणजे अंगावर वळ उठत नाहीत, ही त्या वॉर्डाची वडिलोपार्जित विद्या होती. रुग्णाचे ओरडणे थांबले. टॉवेल थांबला नाही.

"अहो, आपण का मारतोय ते त्याला कळतंय का?" कानाशी कापसाचा बोळा धरून त्यांनी विचारले.

"न कळायला काय झालं?" तेव्हाचा मुकादम म्हणाला. "मार शहाण्यालाही कळतो नि वेड्यालाही."

"आणि उद्या तो परत चावला तर?"

"तर परत धुऊ. साबण सरकारचा आहे."

कानमंत्र्यांनी तो टॉवेल कधी हाती घेतला नाही. दया हे त्याचे कारण होते, असे ते स्वतः म्हणत नसत. ते म्हणत, "माझा कान गेला तेव्हा त्या माणसाच्या अंगावर आम्हा चौघांचे आठ हात होते, आणि त्यातला एकही जिथं असायला हवा तिथं नव्हता." अव्यवस्थेचा त्यांना मनापासून तिटकारा होता, आणि वॉर्डातील बरीचशी हिंसा ही अव्यवस्थेची लेक आहे, असे त्यांचे मत बनले होते.

मुकादमपद त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी टॉवेल बंद केला आणि पद्धत बसवली. रुग्ण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला, तर पाच जणांनी जायचे. चौघांकडे एकेक हात किंवा पाय, तोही कायमचा नेमलेला. पाचवा डोक्याशी. त्याने गुडघे टेकून रुग्णाच्या कानशिलांना दोन्ही तळहात लावायचे, म्हणजे डोके फरशीवर आपटता येत नाही. बोलायचे ते फक्त त्याने. मात्र धरण्यापूर्वी त्याने हाक द्यायची: "उजवा हात?" ज्याचा तो हात, त्याने म्हणायचे, "आहे." मग डावा हात, मग दोन्ही पाय. चारही ठिकाणांहून "आहे" आल्याखेरीज कोणी अंगाला बोट लावायचे नाही. त्यानंतर डोक्याशी बसलेल्याने रुग्णाच्या कानाजवळ तोंड नेऊन चालले आहे तेवढेच सांगत राहायचे: "आता सुई टोचणार. टोचली. दुखेल थोडं. आता डावा पाय सोडतोय."

डोक्याशी नेहमी तेच बसत. त्यावरूनच त्यांना कानमंत्री हे नाव पडले. बाकीच्यांची मूळ नावेही मागे पडून ते उजवा, डावा, मोठा पाय आणि धाकटा पाय झाले. उजव्याची बायकोसुद्धा फोनवर "जरा उजव्याला बोलवा" असे म्हणे.

"आमच्या वॉर्डात मंत्री एकच," डावा नव्या माणसांना सांगे. "आणि त्यांचं खातं कानाचं. एक कान त्यांनी खात्यालाच देऊन टाकलाय."

याच वॉर्डात चित्रकलेचे एक मास्तर वरचेवर येत. शेजारच्या खोलीत आपल्या विद्यार्थ्यांची कत्तल चालली आहे, असे त्यांना ऐकू येई. एकदा पोरांना सोडवण्यासाठी त्यांनी शाळेच्या काचा कपाळाने फोडल्या होत्या. त्यांच्या थोरल्या बहिणीने त्यांना शेवटचे दाखल केले तेव्हा तिच्या गळ्यावर दहाही बोटांच्या खुणा होत्या. औषधे घ्यायला ती माझ्या खिडकीशी आली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "दाबताना तो रडत होता हो. 'ताई, श्वास घे, श्वास घे' म्हणत होता नि दाबत होता."

बरे असत तेव्हा मास्तरांइतका ऋजू माणूस त्या इमारतीत नसे. त्यांनी पाचही परिचरांचे मिळून एक चित्र काढले होते: एकच जनावर, पाय चार आणि तोंडे पाच. ते चित्र चहाच्या खोलीत चिकटवलेले होते.

मास्तर शेवटचे दाखल झाले त्या वर्षी वॉर्डात एक संशोधक डॉक्टर बाई येऊ लागल्या. मनोरुग्णालयात इजा कोणाला होते, कशाने होते, रुग्णाला किती आणि कामगाराला किती, आणि ती इजा कामगाराबरोबर घरी जाते का, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. अनेक रुग्णालयांत तो चालला होता. परिचर त्यांना प्रश्नवाल्या बाई म्हणत. खाली जिन्याशेजारच्या लहान खोलीत एकेकाला बोलावून त्या विचारत.

"तुम्हाला आजवर कितीदा मार बसलाय?" त्यांनी डाव्याला विचारले.

"बायकोचा धरून की सोडून?"

बाई हसल्या नाहीत. "दोन्ही वेगवेगळं सांगा."

डावा बाहेर आला तेव्हा गंभीर होता. "बाई हुशार आहेत," तो म्हणाला. "मी झोपेत माझ्याच पोराचा हात पिरगाळला होता ना, ते काढून घेतलं माझ्याकडून. त्याच्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं मी."

येथे एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. हाका देण्याची पद्धत ज्यांनी घातली, त्यांनीच ती काही काळापासून सोडली होती. माणसे तीच, अवयव तेच. प्रत्येक जण झोपेतही आपल्या जागी गेला असता. त्यात दारात शिकलेली बाई उभी असताना शाळेतल्या हजेरीसारखे ओरडणे कानमंत्र्यांना पोरखेळ वाटू लागले होते. सवयच आता हाकेचे काम करते, असे ते मानू लागले होते.

ती दुपारची वेळ होती. बाईंनी उजव्याला प्रश्नांसाठी नेऊ का, असे विचारले आणि कानमंत्री "न्या की" म्हणाले. थोड्याच वेळात स्वयंपाकघरात भांड्यांची चळत कोसळली. त्या आवाजासरशी मास्तर उठले. कत्तल सुरू झाली होती. शेजारच्या खाटेवरील अशक्त रुग्णाला वाचवण्यासाठी त्यांनी त्याला केसांनी ओढत दाराकडे नेले आणि बंद जाळीवर स्वतःचे कपाळ हाणायला सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या तडाख्याला भुवई फाटली. रक्त डोळ्यांत गेले, तसे ते अधिकच जोराने हाणू लागले. केसांनी धरलेला रुग्ण किंचाळत होता. त्याच्या टाळूची कातडी केसांबरोबर उचलली जात होती.

परिचर धावले. डाव्याने डावा हात धरला. दोघांनी पाय धरले. मास्तर पाठीवर आले. कानमंत्र्यांनी गुडघे टेकले, कानशिलांना तळहात लावले आणि तोंड खाली नेले. उजवा हात धरायला कोणीही नव्हते, आणि प्रत्येक जण आपल्या अवयवाकडे पाहत असल्यामुळे ते कोणालाही दिसले नाही. नवख्या माणसांनी जो हात सापडेल तो धरला असता. ही चूक केवळ कसलेल्या माणसांच्याच हातून होण्यासारखी होती.

"मास्तर, मी आहे. आता सुई..."

मास्तरांचा उजवा अंगठा कानमंत्र्यांच्या डाव्या डोळ्यात मुळापर्यंत गेला आणि आत वळला. सुरुवातीला कानमंत्री ओरडले नाहीत. तळहात कानशिलांवरच ठेवून ते बसून राहिले. सोडले असते तर मास्तरांचे डोके फरशीवर आदळले असते, असे त्यांनी नंतर सांगितले. मला वाटते की त्या क्षणी त्यांना दुसरे काही सुचत नव्हते. डाव्याने आपला हात सोडला आणि मास्तरांच्या तोंडावर मूठ हाणली. पुढचे दात गेले. तो हाणतच राहिला. धाकट्या पायाने कमरेचा पट्टा सोडून घेतला. बऱ्याच वर्षांनी त्या वॉर्डात जुना आवाज ऐकू आला. उजवा आणि डॉक्टर बाई जिन्यावरून धावत आले तेव्हा पाहतात तो, कानमंत्री एका हाताने स्वतःच्या डोळ्याची खोबण आणि दुसऱ्या हाताने मास्तरांचे डोके झाकून बसले होते. पट्टा त्यांच्याच मनगटावर बसत होता.

डोळा काढावा लागला.

ते घरी आले तेव्हा त्यांच्या पत्नी पाणी घेऊन आल्या. मग पाण्याचा तांब्या आपटून म्हणाल्या, "आधी कान दिला, आता डोळा. सरकारला काय हप्त्याहप्त्यानं देताय का अंगाचं?"

मुलगा गॅरेजात मेकॅनिक होता. बापाच्याच खांद्यांचा, पण बापाची सावकाशी त्याच्यात नव्हती. तो दारात उभा राहून फक्त मुठी वळत होता.

चौथ्या-पाचव्या दिवशी अधीक्षक समाचाराला आले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी स्वच्छ सांगितले, "मास्तरांना तुरुंगाच्या बंदिस्त विभागात पाठवायचं ठरतंय. चौकशीत तुम्ही एवढंच म्हणायचं, की त्यांनी जाणूनबुजून नेम धरला. मग प्रश्न मिटला."

तुरुंगाच्या त्या विभागात औषध नियमाने मिळत नसे, आणि तेथे गेलेला आमचा एकही रुग्ण स्वतःच्या पायांनी परत आल्याचे माझ्या पाहण्यात नाही. कानमंत्र्यांना ते माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

"विचार करून सांगतो, साहेब."

अधीक्षक गेल्यावर मुलगा उसळला. "यात विचार काय करायचा, अण्णा? डोळा काढला त्यानं तुमचा! उद्या आईनं विचारलं की तुम्हाला दिसतंय का, तर तिलाही विचार करूनच सांगणार का?"

अण्णा गप्प राहिले. त्यांनी "हो" म्हटले असते तर मास्तर संपले असते. "नाही" म्हणायचे तर पुढचा प्रश्न आलाच असता, की मग हात मोकळा कसा राहिला. आणि त्याचे उत्तर ज्या एका गोष्टीचा त्यांना आयुष्यभर अभिमान होता तिच्या मुळावर घाव घालणारे होते. त्यांचे मौन कोणत्या बाजूला झुकत होते, हे मी सांगू शकत नाही. पण मुलाने त्या मौनाचा अर्थ दुबळेपणा असा घेतला.

पट्टी बदलण्यासाठी मुलानेच त्यांना मोटारसायकलवरून रुग्णालयात आणले. ते खालच्या खोलीत पट्टीसाठी बसले असता तो "आलोच" म्हणून वर गेला. भेटीची वेळ असल्याने वॉर्डाचे दार उघडे होते. मास्तर आता शांत होते. आपण काय केले हे त्यांना कळले होते आणि त्यांनी अन्न सोडले होते. मुलाने त्यांना मानगुटीला धरून उठवले, त्यांचा उजवा हात खाटेच्या लोखंडी चौकटीवर दाबून धरला आणि खिशातून पाना काढला. पहिल्या घावाला मास्तर ओरडले. दुसऱ्याला बोटांचे हाड मोडल्याचा आवाज खाली माझ्या खिडकीपर्यंत आला नसेल, परंतु तो आला असे मला आजही वाटते. तिसऱ्या घावाच्या वेळी मास्तरांनी हात ओढून घेण्याचे सोडून दिले होते. ते म्हणत होते, "हाच, हाच तो हात."

चारही परिचर तेथे होते. कोणी हलले नाही. अण्णांचा मुलगा, त्याला कोण हात लावणार? आणि खरे सांगायचे तर निदान दोघांच्या मनात हेही होते, की होतेय ते योग्यच होतेय.

ओरडणे ऐकून कानमंत्री अर्धी पट्टी लोंबत असतानाच जिना चढून आले. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नसल्यामुळे दाराच्या चौकटीवर त्यांचा खांदा आदळला. मागोमाग मी होतो. त्यांनी मुलाला हाक मारली नाही. त्यांनी हाक दिली, "उजवा हात?"

पाना पुन्हा वर गेला.

"उजवा हात?"

"आहे," उजवा म्हणाला.

"डावा हात?"

"आहे."

"मोठा पाय? धाकटा?"

"आहे." "आहे, कानमंत्री."

मग ते पाचही जण त्या पोरावर गेले. तो ताकदवान होता. त्याने मोठ्या पायाच्या छातीत लाथ घालून त्याला खाटेवर फेकले, उजव्याच्या गालावर पान्याने खोल जखम केली, आणि तो खाली आला तेव्हा बापाच्या मनगटाला कडाडून चावला. कानमंत्र्यांनी गुडघे टेकले होते. मुलाचे डोके दोन्ही तळहातांत धरून त्यांनी तोंड त्याच्या कानाशी नेले. एवढ्या वर्षांत त्यांचे कानातले बोलणे तिसऱ्याला ऐकू गेले नव्हते. त्या दिवशी त्यांनी आवाज खाली घेतला नाही.

"आता तुझ्या हातातला पाना काढून घेतायत. घेतला. डावा हात डाव्याकडे आहे. ऐक. माझा डोळा मास्तरांनी नाही घेतला."

"सोडा मला! सोडा!"

"सोडणार आहे. आधी ऐक. तो हात मोकळा होता. उजव्याला मीच खाली पाठवलं होतं, आणि त्याचा हात दुसऱ्या कोणाला दिला नाही. हाक दिली असती तर तिथंच कळलं असतं. हाक मी दिली नाही. आज दिली, त्या दिवशी दिली नाही."

"खोटं बोलताय तुम्ही. त्याला वाचवायला खोटं बोलताय."

"आता धाकटा पाय सोडतोय. लाथ मारू नकोस, त्याला दोन मुली आहेत."

मुलाने लाथ मारली नाही. तो बापाच्या तळहातांत हुंदके देऊ लागला. शेजारी मास्तर फरशीवर बसून आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते. बोटे वाटेल त्या दिशांना वळलेली होती.

चौकशी त्या आठवड्यातच झाली. कानमंत्र्यांनी जे मुलाला सांगितले होते तेच, त्याच क्रमाने सांगितले.

"याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना?" अधीक्षकांनी विचारले.

"कळतोय, साहेब. मला वॉर्डातून काढावं लागेल."

डॉक्टर बाई मध्येच म्हणाल्या, "उजव्याला मी नेलं होतं. त्यात माझाही वाटा आहे."

"तुम्ही विचारून नेलंत, बाई. हो मी म्हणालो."

बाईंनी मग आपला अभ्यास मांडला. सर्व रुग्णालयांत मिळून त्यांनी पाहिलेल्या इजांपैकी बहुतेक इजा धरण्याच्या पहिल्या क्षणात, एखादा अवयव बेवारस राहिल्यामुळे झाल्या होत्या. ज्यांच्यावर 'धोकादायक' असा शिक्का होता त्यांच्याकडून त्या जास्त झाल्या, असे दिसत नव्हते. शिवाय, मार खाल्लेल्या कामगाराला त्याच आठवड्यात पुन्हा वॉर्डात उभे केले की पुढची इजा बहुधा त्याच्या हातून होते, असेही त्यांना आढळले होते. कबुलीला आकड्यांचा आधार मिळाला. मास्तरांना तुरुंगाच्या विभागात पाठवण्याचा विचार सोडण्यात आला.

आता मिटले काय आणि राहिले काय, ते सांगतो.

कानमंत्र्यांची बदली कपड्यांच्या कोठारात झाली. निवृत्तीपर्यंत ते तेथे चादरींच्या घड्या घालत राहिले. घड्या अर्थातच काटेकोर असत. पट्टा चालवणाऱ्या धाकट्या पायाला आणि मूठ चालवणाऱ्या डाव्याला ताकीद मिळाली, व बाईंच्या आग्रहाने काही महिने दोघांना दुसरे काम देण्यात आले. हाका देणे वॉर्डात सक्तीचे झाले आणि अभ्यासातील इतर रुग्णालयांतही सुरू झाले. छापील अभ्यासात कानमंत्री 'एक ज्येष्ठ परिचर' म्हणून येतात. तो भाग मी त्यांना मराठीतून सांगितला. ऐकून ते म्हणाले, "बरोबर आहे. फक्त ती पद्धत मी घातली असं लिहिलंय, त्याच ओळीत ती मीच मोडली हेही हवं होतं." तशी दुरुस्ती मी बाईंना कळवली. ती झाली नाही.

मास्तरांच्या बहिणीने मुलाविरुद्ध तक्रार केली नाही. ती कानमंत्र्यांच्या घरी आली, चहा न घेता उभ्या उभ्या बोलली, "माझ्या भावानं डोळा घेतला, तुमच्या पोरानं बोटं. आता तिसरं काही नको." मास्तरांना कानमंत्र्यांनी स्वतः जाऊन सर्व सांगितले, तेव्हा कुठे ते जेवले. उजव्या हाताची दोन बोटे पुन्हा वळली नाहीत. पुढे ते घरी गेले आणि डाव्या हाताने चित्रे काढू लागले. शेवटपर्यंत ती चित्रे त्यांना स्वतःला आवडली नाहीत.

मुलाने मास्तरांची क्षमा मागितली नाही. शब्द तोंडाशी येई, असे त्याची आई सांगते, पण पुढे येत नसे. कानमंत्री गेले त्या दिवशी मास्तर बहिणीबरोबर आले होते. मुलगा दारात उभा होता. त्याने मान खाली घातली आणि काहीतरी बोलायला सुरुवात केली; ते अर्ध्यावरच थांबले. मास्तरांनी वळत नसलेली बोटे त्याच्या खांद्यावर ठेवली.

"राहू दे," ते म्हणाले. "घाई नाही."

ते देणे अजून बाकी आहे.